पाणी बघून येते

कोथरूडमधल्या त्या इमारतीला तीन मजले, चौपन्न पायऱ्या आणि लिफ्ट शून्य. ब्याऐंशी साली ती बांधली तेव्हा लिफ्ट म्हणजे आळशी माणसांचे चोचले असं सभासदांचं एकमत झालं होतं. तेच सभासद पंच्याहत्तरीला आले, एकेकाचे गुडघे गेले, तेव्हा पुनर्विकासाचा विषय निघाला आणि पुण्यातल्या सोसायटीत विषय निघाला की जे होतं तेच झालं, म्हणजे सात वर्षं नुसत्या सभा झाल्या. अखेर यंदा चैत्रात सगळ्यांनी घरं रिकामी करायची असं ठरलं. श्यामलाबाईंच्या मुलाने, सलिलने, आईवडिलांसाठी धायरीला भाड्याचा फ्लॅट बघितला. लिफ्ट असलेला, आणि गाडी उभी करायला जागा असलेला.

गाडी म्हणजे एकाहत्तर सालची फियाट. श्यामलाबाईंचे यजमान श्यामसुंदर यांनी ती चौऱ्याऐंशी साली एका पारशी डॉक्टरांकडून घेतली होती. श्यामसुंदर पाटबंधारे खात्यात होते. नोकरीभर त्यांनी धरणांचं पाणी मोजलं आणि घरी आल्यावर गाडीचं. सकाळी सव्वासातला, इंजिन गार असताना, बॉनेट उघडायचं, रेडिएटरचं झाकण काढायचं, पाणी किती आहे, रंग कसा आहे ते बघायचं, पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून बघायचा आणि रबरी होजवरून हात फिरवायचा. नळाचं पाणी चालायचं नाही. त्यात क्षार असतात, आणि टँकरच्या पाण्यात तर नुसता चुनाच, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी बॅटरीवाल्याकडून आणलेल्या डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन असायचा, त्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं, ‘पिण्यासाठी नाही. विचारूही नये.’ रेडिएटरच्या जाळीसाठी घरातले जुने टूथब्रश राखीव असायचे. चाळीस वर्षांत गाडी रस्त्यात एकदाही तापली नाही, हे ते न विचारणाऱ्यालाही सांगायचे.

"ज्याला इंजिनाचं पाणी बघायचा कंटाळा येतो, त्याने सायकल वापरावी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सलिलने मोठेपणी खरोखरच सायकल घेतली, तेव्हा त्यांना ते मुळीच आवडलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा राहिली, पण एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा यायचा. इस्पितळातून चौघांनी खुर्चीत बसवून वर आणलं, पलंगावर टेकवलं, आणि श्यामलाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या, की आता काही तरी बोलतील. ते बोलले.

"पाणी... पाहिलंस?"

तेव्हा श्यामलाबाई हसल्या होत्या. नंतर हसायला वेळच राहिला नाही. पहाटे पाचला उठायचं, त्यांना कुशीवर वळवायचं, भांडं द्यायचं, पुसायचं, कपडे बदलायचे. दात घासून द्यायचे. मऊ उपमा नाहीतर गुरगुट्या भात चमच्या-चमच्याने भरवायचा, कारण घास घाईने गेला तर ठसका लागायचा आणि ठसका लागला की त्यांचा जीव गोळा व्हायचा. मग व्यायाम, मग औषधं, मग पुन्हा भांडं. मधे कुकर, मधे दारावरची बेल, मधे सलिलचा फोन, "आई, तू स्वतःकडे पण बघ हं!" दोन कुशींवर वळवायला एक माणूस ठेवला होता, तो महिन्यातले दहा दिवस गावी असायचा. त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या आणि त्यांना झोपायचं होतं. आजारी माणसाची सेवा, पुण्य वगैरे बाकीचे बोलत. त्यांना फक्त झोपायचं होतं.

आणि रोज सव्वासातला, न चुकता, "पाणी पाहिलंस?"

"बघून येते," म्हणत त्या चौपन्न पायऱ्या उतरायच्या. गाडी मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडखाली असायची, वरून दिसायची नाही. आच्छादन काढायचं, बॉनेट उघडायचं, बोट बुडवून बघायचं. ते बॉनेट हलक्या हाताने लागायचं नाही, हातभर वरून सोडून द्यावं लागायचं. मग पुन्हा चौपन्न पायऱ्या. जी गाडी कुठे जाणार नाही, जिची बॅटरीही काढून ठेवलेली, तिचं पाणी रोज बघायचं! पण त्या बघायच्या. दीड वर्ष बघितलं. गेल्या नवरात्रात पाण्याच्या पंपाखाली ओल दिसायला लागली. आठवड्याला कपभर पाणी कमी व्हायचं. हे वर सांगितलं असतं तर त्यांनी समाधान मेकॅनिकला बोलवायला लावलं असतं आणि पंप बसेपर्यंत स्वतः डोळा मिटला नसता. म्हणून त्या गप्प राहिल्या आणि कपभर पाणी घालत गेल्या.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गुडघा धरला. त्या तिथेच पायरीवर बसल्या. तिथे एक खिडकी होती, कुणाची तरी वाळून गेलेली कुंडी होती, आणि कुणीही नव्हतं. कुणी हाक मारत नव्हतं. कुणाला काही भरवायचं, पुसायचं नव्हतं. त्या दहा मिनिटं बसल्या, नुसत्या भिंतीकडे बघत. मग उठून वर गेल्या.

"पाहिलंस?"

"पाहिलं. बरोबर आहे."

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती, आणि नवऱ्याशी त्या खोटं बोलल्या नव्हत्या असं नाही, साड्यांच्या किमती सगळ्याच बायका कमी सांगतात. पण हे खोटं वेगळं होतं. दुसऱ्या दिवशीही त्या तिथेच बसल्या. पहिल्या दिवशी लाज वाटली, दुसऱ्या दिवशी जरा कमी, आणि आठवडाभराने ती पायरी त्यांची झाली. रविवारी नक्की खाली जायचं, असं त्या दर शनिवारी ठरवायच्या. रविवारी पायरी यायची आणि पाय तिथेच बसायचे. असे पाच महिने गेले. रोज वर जाऊन "पाहिलं" म्हणताना त्या नजर टाळायच्या, तरी दुसऱ्या दिवशी सव्वासात वाजायची त्या वाट बघायच्या.

आता घर सोडायची वेळ आली तेव्हा श्यामसुंदरांनी एकच अट घातली. धायरीला जायचं ते फियाटमधून, आणि चालवायची श्यामलाने. त्यांनीच शिकवली होती तिला, स्टिअरिंगवरच्या गिअरसकट.

"बाबा, कॅब करू. एसी असेल," सलिल म्हणाला.

"तू... जा... कॅबने," श्यामसुंदर म्हणाले. झटक्याने उजवा हात नेला होता, तिरकसपणाला धक्का लागला नव्हता.

आदल्या संध्याकाळी समाधान आला. पंधरा वर्षं तो या गाडीचं काम करत होता. त्याने बॅटरी बसवली, चाकांत हवा भरली, ब्रेक बघितले, ऑइल बघितलं, मिनिटभर इंजिन चालवून बंद केलं आणि रीतीप्रमाणे वर येऊन पलंगापाशी उभा राहिला. काकांना सगळा अहवाल दिल्याशिवाय या घरातून जायचं नाही हे त्याला ठाऊक होतं.

"सगळं ओके आहे, काका. फक्त पाण्याला हात नाही लावला," तो म्हणाला. एकदा त्याने नळाचं पाणी घातलं होतं, तेव्हा काकांनी सगळं काढायला लावून अर्धा तास क्षारांवर व्याख्यान दिलं होतं. तेव्हापासून या रेडिएटरचं झाकण त्याच्या लेखी देवघरातलं होतं. "काकू, पाणी बघितलंय ना? नाहीतर जाता जाता बघतो."

श्यामसुंदर श्यामलाबाईंकडे बघत होते. त्या पलंगाच्या पायथ्याशी उशांचे अभ्रे घडी करत होत्या. बघ रे बाबा, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण त्याने बघितलं असतं आणि वर येऊन सांगितलं असतं, की काका, रेडिएटर कोरडा आहे. यांच्यासमोर. पाच महिन्यांची सगळी "पाहिलं" एका दमात उघडी पडली असती.

"सकाळीच पाहिलंय मी," श्यामलाबाई म्हणाल्या.

"मग प्रश्नच मिटला," समाधान म्हणाला आणि गेला.

पहाटे पाचला गुपचूप कॅन घेऊन खाली जायचं असं त्यांनी ठरवलं होतं. पण सामानवाले सहाच्या ऐवजी पावणेपाचलाच आले. मग कपाटं उघडी, भांडी खोक्यांत, सलिल ओरडतोय, श्यामसुंदरांना तयार करायचं, चौघं खुर्चीसकट त्यांना उतरवतायत आणि जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकलीय. या सगळ्यात ‘पिण्यासाठी नाही’ लिहिलेला कॅन कुणी तरी टेम्पोत चढवला आणि टेम्पो निघून गेला. त्यापाठोपाठ सलिलही गेला. श्यामसुंदर पुढच्या सीटवर बसलेले होते. जुन्या गाडीला पट्टे नाहीत, म्हणून श्यामलाबाईंनी त्यांना जुन्या सुती साडीने सीटला बांधलं होतं.

अजूनही शेजारच्या ललिताकडून बादलीभर पाणी मागता आलं असतं. पण बॉनेट उघडायचं ते त्यांच्या नाकासमोर, आणि रोज बघितलेल्या रेडिएटरमध्ये पाच लिटर पाणी ओतायचं! नऊ किलोमीटरचा तर प्रश्न आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आजवर माणसांनी जेवढे घोटाळे केले ते बहुतेक याच हिशोबाने केले असावेत. त्यांनी किल्ली फिरवली.

कर्वेनगरपर्यंत गाडी गुणी बाळासारखी चालली. राजाराम पुलावर वारा लागला. श्यामसुंदर दोन वर्षांनी रस्ता बघत होते, त्यांची मान हळूहळू डावीकडे, उजवीकडे वळत होती. सिंहगड रस्त्याला लागले आणि गर्दीत अडकले. पुढे बस, बाजूला दुचाक्या, डोक्यावर ऊन. गाडी चार पावलं जायची आणि थांबायची. डॅशबोर्डखाली श्यामसुंदरांनी स्वतः बसवलेला उष्णतेचा काटा होता. श्यामलाबाईंनी ठरवलं होतं की तिकडे बघायचंच नाही. त्यांनी बघितलं. काटा अर्ध्याच्या वर गेला होता. वडगावच्या अलीकडे तो लाल पट्टीला टेकला, आणि गरम लोखंडाचा वास आला.

आपण इंजिन मारलं, असं त्यांना वाटलं. चाळीस वर्षं जपलेलं. या माणसाचं सगळं गेलं, हात गेला, पाय गेला, घर गेलं, एक ही गाडी उरली होती, ती आपण जिन्यात बसून मारली. आणि आता याला कळणार.

"डावीकडे... घे," श्यामसुंदर म्हणाले. "बंद... कर."

रस्त्याकडेला एका रसवंतीच्या मांडवापाशी त्यांनी गाडी घेतली. बॉनेटच्या फटींतून वाफ निघाली. मागून कुणी तरी हॉर्न मारला. त्या उतरल्या, कसंबसं बॉनेट उघडलं. आत नुसतं फुसफुसत होतं.

रसवंतीवाले सर्जेराव धोतर सावरत, बादली घेऊन धावले. धायरीचे जुने माणूस, अंगाने आडवे आणि मदतीला पुढे.

"सरका ताई, लई तापलंय! आत्ता गार करतो. झाकान काढा, वततो पानी."

"नाही!"

हा आवाज गाडीतून आला. दोन वर्षांत श्यामसुंदर एवढ्या मोठ्याने बोलले नव्हते. सर्जेराव बादलीसकट जागच्या जागी थांबले. गाडीत साडीने बांधलेला म्हातारा त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होता.

"झाकण... नाही. पाणी नाही. इंजिनाचं... हेड... फुटेल. थांबा... पाऊण तास."

"अन् तंवर?"

"तोवर... रस... विका."

सर्जेरावांनी बादली खाली ठेवली. "मालक लई तापट दिसत्यात," ते श्यामलाबाईंना हळूच म्हणाले. "पन बराबर बोलत्यात. आमच्या ट्रॅक्टरचं हेड असंच गेलं व्हतं."

तेवढ्यात सलिलचा फोन आला. कुठे पोहोचलात? श्यामलाबाई म्हणाल्या, रसवंतीला थांबलोय. "आई, घर बदलायच्या दिवशी रस?" तो म्हणाला, आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या गाडीत येऊन बसल्या. दोघांच्या काचा खाली होत्या, मांडवाची सावली निम्म्या गाडीवर पडली होती. घुंगरांचा आवाज करत चरक फिरत होता. इंजिन मधूनच टक् टक् करत निवत होतं. श्यामसुंदर समोर बघत होते, काही विचारत नव्हते. ते विचारत नव्हते हेच श्यामलाबाईंना सहन होईना. रागावले असते, ओरडले असते, तर बरं झालं असतं.

"मी पाणी बघितलं नाही," त्या म्हणाल्या. "काल नाही, परवा नाही, पाच महिने बघितलेलं नाही. जिन्यात बसायचे आणि वर येऊन तुम्हाला खोटं सांगायचे. पंप गळत होता, तेही मला माहीत होतं. काल समाधान विचारत होता, तर त्यालाही खोटंच सांगितलं. तुमची गाडी मी घालवली." त्यांनी पदराने तोंड पुसलं.

श्यामसुंदरांनी डावा हात उचलला, सीटवर त्यांच्या दिशेने सरकवला, तो मधेच थांबला.

"माहीत... आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"पंपाचं... नव्हतं माहीत. बॉनेट. रोज... वाजायचं. धाड्. वर... ऐकू येतं." त्यांनी दम घेतला. "दिवाळीनंतर... वाजलं नाही."

श्यामलाबाई त्यांच्याकडे वळल्या. तिसऱ्या मजल्यावर ते ऐकू येत असेल हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. बॉनेट वाजायचं तेव्हा त्या नेहमी खाली असायच्या.

मग त्यांना संताप आला. थकव्यातून आलेला, पाच महिन्यांचा साठलेला. "माहीत होतं? आणि तरी रोज विचारत होतात, पाहिलंस का, पाहिलंस का? मला रोज खोटं बोलायला लावत होतात? गंमत वाटत होती का तुम्हाला? मला इकडे रात्रीची झोप नव्हती!"

"विचारलं नसतं," श्यामसुंदर म्हणाले, आणि शब्द अडला. त्यांच्या कपाळावर घाम आला. श्यामलाबाईंनी सवयीने तो पुसला, रागातच पुसला. "विचारलं नसतं... तर तू... खाली... गेली नसतीस."

"गेलेच नाही ना मी खाली! सांगतेय काय मघापासून? पायरीवर बसायचे मी!"

"तेच."

श्यामलाबाईंचा हात तसाच राहिला.

"घरात... बसतेस... कुठे तू," ते म्हणाले. "दहा मिनिटं... तेवढीच. मला... दुसरं काही... सुचलं नाही."

रस्त्यावरून बस गेली, गाडी हलली. श्यामलाबाईंना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही. सिंहगड रस्त्यावर, दिवसाढवळ्या, रसवंतीसमोर त्या मोठ्याने रडल्या. दोन गिऱ्हाइकं ग्लास हातात धरून बघत होती. सर्जेरावांनी त्यांना दटावून दुसरीकडे तोंड करायला लावलं.

"आणि गाडी?" जरा वेळाने त्यांनी विचारलं. "तिचं काय?"

"इंजिन... दुसरं मिळतं. जुन्या बाजारात." श्यामसुंदरांचं निम्मं तोंड हसलं. "बुधवारी... आणि रविवारी."

त्यांनी डोळे पुसले. मग त्यांना दुसरंच काही सुचलं. "पण मी जिन्यात बसले असताना तुम्हाला काही लागलं असतं तर? तहान, भांडं... काही?"

"लागायचं," ते म्हणाले.

"मग?"

"थांबायचो."

श्यामलाबाईंनी त्यांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. इंजिनाची टक् टक् थांबली होती, ऊन मांडवावर चढलं होतं. बऱ्याच वेळाने सर्जेरावांनी उघड्या बॉनेटखाली हात धरून बघितला आणि ते खिडकीपाशी आले.

"ताई, निवलं बघा. पाऊन तास कवाच झाला. वतू का पानी आता?"

"थांबा जरा," श्यामलाबाई म्हणाल्या. "आम्ही बसलोय."